आहेराचा बॉल

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की ती आधी माझ्या हातात येते. मी मागत नाही, पण येतेच. प्रेशर कुकर असो, पायपुसणं असो, नाही तर मुलानं घेतलेला मोबाईल असो. मी ती उलटी करतो, तळ बघतो, कडेवरून अंगठा फिरवतो, टिचकी मारून आवाज ऐकतो आणि मग काहीतरी बोलतो. 'बरं आहे' हे माझं सगळ्यात वरचं प्रमाणपत्र. एमआयडीसीतल्या कारखान्यात माझी सगळी नोकरी क्वालिटीत गेली. मशीनवरून उतरलेला तुकडा गेजमध्ये बसतो का बघायचं, बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर लाल रंगाचा ठिपका देऊन बाजूला काढायचा. निवृत्त झालो तेव्हा गेज जमा केले, पण डोळे घरी घेऊन आलो. बायको म्हणते, तुमच्या हातात नैवेद्याचं ताट दिलं तर तुम्ही आधी मीठ बघाल आणि मग देवाला दाखवाल.

हे रक्तातच असावं. माझे वडील घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायला जायचे, दात बघायचे, खूर बघायचे, शेपटी पिळायचे, बैल चालवून बघायचे आणि संध्याकाळी बहुतेक वेळा मोकळा कासरा घेऊन परत यायचे. पण ते खोड काढायचे ती बाजारात, विकणाऱ्याच्या तोंडावर. मी काढत आलो ती घरी आलेल्या आहेरात. धर्माची गाय आणि दात का नाय, ही म्हण माझ्यासारख्यांसाठीच केलेली असणार. लोक हसायचे, मीही हसायचो, आणि आपण घरातले विनोदी गृहस्थ आहोत असा माझा अगदी परवापरवापर्यंत समज होता.

आता गोल्फचं सांगतो, कारण नगरसारख्या ठिकाणी माझ्यासारखा माणूस गोल्फ खेळतो म्हटलं की लोक भुवया उंचावतात. आमच्या कारखान्याच्या मालकांना हौस होती. कारखान्यामागे खडकाळ माळ पडून होता, त्यावर त्यांनी नऊ होलचं मैदान करून घेतलं. गवत तिथं नावाला. होलच्या भोवती जी हिरवळ असते म्हणतात, ती आमच्याकडे काळपट असते, कारण ती वाळूची आहे आणि वाळू उडू नये म्हणून तिच्यावर मशीनचं जळकं ऑईल शिंपडलेलं असतं. मालक आता येत नाहीत. आम्ही काही जुनी माणसं सकाळी जाऊन खेळतो. मी आणि माझे जोडीदार सुभेदारसाहेब, हे कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीचे मुख्य होते, ठरलेलेच. तिथल्या दगडांवर आपटून बॉलची कातडी निघते, म्हणून आम्ही स्वस्तातले जुनेपाने बॉल वापरतो. पोट भरलेल्यांचा खेळ आम्ही भाकरीवर खेळतो, असं सुभेदारसाहेब म्हणतात.

मुलाचं लग्न पाथर्डी तालुक्यातल्या मुलीशी झालं. व्याही शेतकरी. बाजरी, तूर, चार शेळ्या, कोरडवाहू जमीन, आणि बोलणं अगदी मोजकं. बैठकीत मी छाती पुढे काढून सांगितलं की देणंघेणं, मानपान काही नको, मुलगी आणि नारळ द्या. गावभर माझं नाव झालं. तरीही लग्नात व्याह्यांनी रीत म्हणून मला टॉवेल-टोपी दिली. मी काय केलं, तर भर मांडवात तो टॉवेल उजेडासमोर धरला आणि म्हणालो, "व्याही, एका धुण्यात याची चाळण होतेय बघा. पीठ चाळायला ठेवतो." मांडव हसला. व्याहीही हसले. मुलीचा बाप लग्नात हसतोच.

पुढेही असंच. सुगी झाली की ते बाजरीचं पोतं पाठवायचे. पहिल्या वर्षी मी मूठभर बाजरी तळहातावर घेऊन तीत खडा शोधला आणि तो खडा सूनबाईला दाखवला, अगदी गमतीनं. तेव्हापासून माहेरचं पोतं आलं की ती मागच्या पडवीत परात घेऊन बसते आणि सगळी बाजरी निवडून मगच डब्यात भरते. मला याचं फार कौतुक. मी आल्यागेल्याला सांगायचो की आमच्या सूनबाईला क्वालिटीची दृष्टी आहे, माझ्या तालमीत तयार झाली. मध्ये एकदा तिच्या आईनं लोणचं पाठवलं होतं, त्याला मी मीठ जास्त म्हणालो. त्यानंतर माहेरचं लोणचं आलं नाही. ती बाजारातून आणायला लागली. ते मात्र झकास होतं, फोड करकरीत, खार बेताचा, आणि मी रोज जेवताना तसं बोलूनही दाखवायचो की पैसे टाकले की माल कसा चोख मिळतो.

गेल्या धोंड्याच्या महिन्यात मुलगा आणि सूनबाई पाथर्डीला गेली होती. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, अनारसे द्यायचे, ही रीत आमच्या भागात कुणी चुकवत नाही. व्याही त्यांना पोहोचवायला म्हणून स्वतः एसटीनं बरोबर आले, एका मुक्कामाला. संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून माझा आहेर काढला. नव्या टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं होतं. टॉवेल जाडजूड होता, हे माझ्या आधी लक्षात आलं. आत एक काळा चकचकीत खोका, आणि खोक्यात गोल्फचे बॉल.

मी चाट पडलो. साधे बॉल नव्हते. ज्यांच्या जाहिराती आम्ही फक्त मोबाईलवर बघतो, परदेशातले मोठे खेळाडू खेळतात, त्या जातीचे होते. व्याह्यांचा भाचा शिर्डीला टॅक्सी चालवतो, विमानानं आलेल्या भाविकांना मंदिरापर्यंत ने-आण करतो. त्याला व्याह्यांनी सांगून ठेवलं होतं की गोल्फ खेळणारा कुणी प्रवासी गाडीत बसला तर विचार, सगळ्यात वरचा बॉल कोणता. कुणीतरी सांगितला, आणि भाच्यानं मोबाईलवरून मागवून दिला. हे सगळं सूनबाईनं सांगितलं. व्याही नुसतेच चहाच्या कपाकडे बघत बसले होते.

त्या वेळी काय बोलायला हवं होतं, हे आज मला शाळेतलं पोरही सांगेल. मी चष्मा लावला. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. एक बॉल काढला, दाबला, कानाशी नेऊन हलवला, शिवण आहे का ते बघितलं आणि म्हणालो, "दिसायला तर बरा आहे. उद्या मैदानावर बघू काय दिवे लावतो."

कुणी हसलं नाही. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात तांब्या घेऊन उभी होती, ती आत गेली. मला वाटलं भाजी लागली असेल. व्याही म्हणाले, सकाळी मीपन येतो, कसं खेळत्यात ते बघन तरी. मला आनंदच झाला. तपासणीला माल पुरवणाऱ्याची माणसं हजर असली की काम रीतसर होतं.

सकाळी मैदानावर पोहोचलो तर व्याह्यांनी माझी काठ्यांची पिशवी आधीच खांद्यावर घेतली होती. मी नको-नको म्हणालो, पण ते सोडेनात, आणि खरं सांगायचं तर ती पिशवी जड आहे, माझी कंबर दुखते, म्हणून मीही फार ताणून धरलं नाही. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी, पायात वहाणा आणि खांद्यावर माझी पिशवी, असे माझ्या सुनेचे वडील माझ्यामागून चालत होते. सुभेदारसाहेबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि नमस्कार करून व्याह्यांच्या हातातली पाण्याची बाटली तेवढी स्वतःकडे घेतली.

तपासणी कशी करायची हे मी रात्रीच ठरवलं होतं. प्रत्येक होलला एकच फटका नव्या बॉलनं मारायचा आणि एक माझ्या जुन्यानं. जुना पिवळा पडला होता, त्यामुळे ओळखायला सोपा. कोणता लांब जातो, कोणता सरळ जातो, कोणता वाळूवर थांबतो, सगळं बघायचं, आणि निकाल नवव्या होलनंतर. हे मी चालता चालता दोघांनाही समजावून सांगितलं. आमचा माळ पुढे उतरता आहे, बॉल टेकाडापलीकडे गेला की दिसत नाही. व्याह्यांची नजर चांगली, म्हणून त्यांना पुढे बाजूला एका बाभळीखाली उभं केलं. बॉल कुठे पडतो तेवढं बघून ठेवायचं, हे त्यांचं काम.

पहिल्या होलला जुना बॉल छान बसला. नव्यावर मात्र काठी जरा वरून लागली आणि तो जुन्याच्या बराच मागे पडला. चूक माझी होती, हे मला मारतानाच कळलं होतं. पण आम्ही तिथं पोहोचलो, दोन्ही बॉल बघितले आणि माझ्या तोंडून निघालं, "हं."

एवढंच. कारखान्यात मी 'हं' म्हणालो की मशीनवरचा माणूस उभा राहायचा. इथं बाभळीखालून आलेले व्याही उभे होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंही नाही. मी जमिनीकडे बघत होतो.

दुसऱ्या होलपासून नवा बॉल पुढे जायला लागला. माझा विश्वास बसेना. फटका दोन्हींना सारखाच बसल्यासारखा वाटायचा, पण टेकाड ओलांडून गेलं की जुना मागे आणि नवा ऐटीत पुढे, तोही अशा जागी की खाली दगड नाही, पुढे काटा नाही. तिसऱ्याला तेच, चौथ्याला तेच. मी रंगात आलो. सुभेदारसाहेबांना मी बॉलच्या आतल्या गाभ्यावर आणि वरच्या मऊ कातडीवर व्याख्यान दिलं, जे मी रात्री मोबाईलवर वाचलं होतं. शिवाय माझ्या खांद्याची ठेवणही सुधारली असावी, अशी मला शंका यायला लागली. सुभेदारसाहेब म्हणाले, तुमची पाठ तर कालच्यासारखीच दिसतेय. मी त्यांचं बोलणं मनावर घेतलं नाही.

व्याही घामानं डबडबले होते. पाऊस लांबला होता, ऊन चढत होतं, आणि ते प्रत्येक होलला पिशवी आमच्यापाशी ठेवून पुढे टेकाडापलीकडे जात, आणि आम्ही पोहोचलो की परत पिशवी उचलत. चौथ्या होलनंतर त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"म्हंजी चांगला हाय ना बॉल?"

मी म्हणालो, "व्याही, निकाल शेवटी. मधे बोलायचं नसतं."

त्यांनी मान हलवली. एक शब्द मागत होता तो माणूस. माझ्या खिशात तो होता, द्यायला काहीच लागत नव्हतं, आणि मी शिस्त म्हणून तो खिशातच ठेवला.

सहाव्या होलला मधून एक कोरडा ओढा जातो. मी नवा बॉल मारला आणि तो ओढ्याच्या अलीकडच्या काठावर आपटून आत पडला. धुरळा उडालेला मला स्पष्ट दिसला. जुना मारला तर तो उजवीकडे घायपातात गेला. सुभेदारसाहेब आपल्या बॉलच्या दिशेनं निघाले आणि मी जुना शोधायला बांधावर चढलो. बांध उंच आहे. तिथून पलीकडचं सगळं दिसतं, पण मी त्याआधी कधी खेळताना तिथं चढलो नव्हतो.

व्याही ओढ्यात उतरले होते. त्यांनी वाकून बॉल उचलला, सदऱ्याच्या कडेला नीट पुसला, आमच्या दिशेनं टेकाडाकडे बघून घेतलं, पलीकडच्या काठावर चढले आणि बरंच पुढे जाऊन तो बॉल खाली ठेवला. ठेवला म्हणजे कसा, तर देवापुढे सुपारी ठेवतात तसा. मग परत वाकून त्याच्यापुढचा एक खडा उचलला आणि लांब फेकला. मग हात मागे बांधून आभाळाकडे बघत उभे राहिले.

मला घाम फुटला नाही की वाईटही वाटलं नाही. मला राग आला. चार होल मी ज्या बॉलचे पोवाडे गायले, तो कुणाच्या तरी हातानं पुढे जात होता, आणि सुभेदारसाहेबांपुढे माझं हसं होणार होतं, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. मी बांधावरूनच ओरडलो, "ओ पाहुणे, बॉलला हात लावायचा नाही. हा काय गोट्यांचा डाव आहे?" तेवढ्यानं भागलं नाही म्हणून खाली उतरून गेलो आणि विचारलं की हे किती होलपासून चाललंय. सुभेदारसाहेबही आवाज ऐकून तिथं आले होते.

व्याह्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"पहिल्या टायमाला तुमी 'हं' म्हनलात," ते म्हणाले. "म्हनून मग म्होरं सरकवला."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात जोडले.

"इवाई, बॉल मी आनलाय. तिचा काई संबंध न्हाई त्यात, तिला इचारलंबी न्हवतं मी. खराब निघाला तर मला बोला. पोरीला बोलू नका."

त्यांच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. एरवी तो शब्द मला गोड वाटायचा.

मी तिला कधी बोलतो, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. आणि ते खरंही होतं. माझ्या सुनेला मी एकदाही टाकून बोललेलो नाही. चढा आवाज नाही, की माहेरचा उद्धार नाही. मी फक्त तिच्यासमोर तिच्या माहेरचा टॉवेल उजेडात धरला होता. तिच्या माहेरचा खडा तळहातावर घेऊन दाखवला होता. नावं ठेवली ती वस्तूंना, माणसांना नाही, असा माझा हिशेब होता. पण टॉवेलला कान नसतात. ऐकायला तीच उभी होती, प्रत्येक वेळी, तांब्या घेऊन नाही तर परात घेऊन. परात आठवली आणि तिथल्या तिथं माझी मान खाली गेली. आपल्या बापानं पिकवलेली बाजरी ती दाणा दाणा निवडत होती, माझी नजर पडायच्या आत. आणि मी लोकांना सांगत होतो की पोरीला क्वालिटीची दृष्टी आहे.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मला त्या ओढ्याकाठी कळलं. सासुरवास करणारी माणसं मी बघितलेली आहेत. माझी आत्या त्यातच खंगली. आपल्या घरात तसलं काही नाही, आपण नारळ आणि मुलगी मागणारे, याचा मला किती अभिमान होता. आणि इथं एक बाप उन्हात माझी पिशवी वाहत होता, ओढ्यात उतरत होता, मला फसवत होता, का, तर बॉल मागे पडला तर आपल्या लेकीला घरात ऐकावं लागेल म्हणून. तो माणूस उगाच घाबरणारा नव्हता. त्यानं मला बघितलं होतं, म्हणून घाबरला होता.

सुभेदारसाहेब खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसले. नाडी सुटलेली नव्हती. बऱ्याच वेळानं ते उठले आणि म्हणाले, आज इथंच थांबू या, ऊन झालं. जाताना त्यांनी व्याह्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

त्याच क्षणी मला बोलता आलं असतं. 'बॉल उत्तम आहे, व्याही. मागे पडला तो माझ्या हातामुळे.' हे सांत्वन नव्हतं, खरंच होतं. माझ्यासारख्याच्या काठीखाली परदेशी बॉल काय आणि पिवळा काय, दोघांचं नशीब एकच. पण ओरडण्यासाठी उघडलेलं तोंड तसलं वाक्य बोलायला वळेना. मी म्हणालो, "चला. ऊन वाढलं." मी पिशवीला हात घातला तर त्यांनी ती आधीच उचलली होती. मी ओढली, त्यांनी धरून ठेवली. दोन म्हातारी माणसं माळावर पिशवी ओढताहेत, हे बरं दिसेना, म्हणून मी सोडली. माझ्या सगळ्या आयुष्यात मी एवढा लांब रस्ता चाललेलो नाही. व्याही एक पाऊल मागूनच चालत होते. मी थांबलो की तेही थांबत.

घरी आलो. मुलगा कामावर गेला होता, बायको देवळात पोथी ऐकायला गेली होती. व्याही हातपाय धुऊन आत गेले. मी मागच्या नळावर बुटांना लागलेली काळी वाळू धूत बसलो. धुण्यासारखं फारसं काही नव्हतं. मला आत जायचं धैर्य होत नव्हतं. त्या नळाच्या वरच स्वयंपाकघराची खिडकी आहे, आणि ती उघडी होती.

सूनबाई बापाला पाणी देत असावी. भांड्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, अगदी हळू. आमच्याशी बोलताना ती शहरातलं बोलते. बापाशी बोलताना मात्र तिची भाषा पाथर्डीची असते, हे मला त्या दिवशीच कळलं.

"अप्पा, काई बोलले का मामा?"

ती मला मामा म्हणते. त्यांच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात.

"न्हाई गं," व्याही म्हणाले. "लई चांगला निघाला म्हनले. त्येंच्या त्या सायबाच्या म्होरं म्हनले."

नळ चालू होता, तो मी बंद केला. मी न बोललेलं वाक्य त्या माणसानं माझ्या तोंडी घातलं होतं, आणि माझी लाज माझ्या सुनेपासून झाकली होती.

"खरंच?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात एकदम असं काही आलं की मी भिंतीला टेकलो. आमच्या घरात आल्यापासून तो आवाज मी ऐकलेला नव्हता. "मग आता लोनच्याचंबी सांगू का त्यास्नी? आईनं घातलेलं हाय म्हनून? रोज आवडीनं खात्यात, दुकानातलं समजून."

आत पाण्याचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नको," व्याही म्हणाले. "इतक्यात नको."

मी तिथंच बसून राहिलो. बूट वाळून गेले. अमुक एक अपराध केला असता तर कबूल करून मोकळं होता आलं असतं, पण हा कोणता अपराध, त्याला नाव काय? मी नुसता बोलत होतो. बोलत होतो आणि हसत होतो, आणि त्या हसण्याखाली एक पोर आईच्या हातचं लोणचं दुकानाच्या बरणीत भरून मला वाढत होती. मी त्याची तारीफ करायचो तेव्हा तिला काय वाटत असेल? आनंद होत असेल, की तो आनंद कुणाला सांगता येत नाही याचं दुःख? मला लाज वाटली. इतकी की आत जाऊन तिच्याकडे बघायचं कसं, हे मला समजेना.

व्याह्यांना दुपारची गाडी गाठायची होती, म्हणून जेवणं लवकर वाढली. मी आणि ते शेजारी शेजारी बसलो. बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा. ती भाकरी कुठल्या बाजरीची, हे मला माहीत होतं, आणि तिच्यात एक खडा लागावा आणि तो मी मुकाट्यानं गिळावा असं मला वाटत होतं. खडा लागला नाही. कसा लागेल? मग सूनबाईनं बरणी उघडून ताटाच्या कडेला लोणचं वाढलं.

मी फोड तोंडात टाकली. रोज लागायची तशीच लागली, करकरीत. ओढ्याकाठी न बोललेलं आणि त्याआधी कितीतरी दिवस न बोललेलं, सगळं आत्ता बोलून टाकायचं असं ठरवून मी मान वर केली आणि म्हणालो, "हे लोणचं..."

व्याह्यांचा घास हातातच थांबला. सूनबाईचा हात बरणीच्या झाकणावर थांबला. दोघंही माझ्याकडे बघत नव्हती. दोघंही, पुढचा शब्द अंगावर पडायची वाट बघावी तशी, खाली बघत होती. मी अजून काही बोललोसुद्धा नव्हतो. मी फक्त तोंड उघडलं होतं.

माझ्या चांगल्या शब्दालासुद्धा त्यांना असं थांबून राहावं लागतं, हे बघितल्यावर मी तो शब्द सोडून दिला. मी ताट थोडं पुढे सरकवलं.

"अजून वाढ," मी म्हणालो.

तिनं एक फोड वाढली. मी ताट मागे घेतलं नाही. तिनं आणखी एक वाढली, आणि शेजारी व्याही पुन्हा जेवायला लागले.